वाचकांचे सवाल: 'येड्याचा डॉक्टर कोण होते बाप्पा?'

मागच्या अंकात मी आमच्या मंगळवारच्या ओपीडीबद्दल लिहिलं होतं. मंगळवार म्हणजे गावचा बाजार, त्यामुळे खेड्यातली माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊनच येतात, टेबलाखाली वांगी-भेंडी आणि खुर्चीवर माणूस रडत असतो. त्या लेखाच्या शेवटी सहज लिहून गेलो की माझ्यानंतर या तालुक्यात हे काम करायला कोणी दिसत नाही, डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरापोरींनी सायकियाट्रीचा, म्हणजे मनाच्या आजारांच्या शाखेचा, जरा विचार करा. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले की संपादक म्हणाले या वेळचं सदर त्यालाच देऊन टाका. निम्मे सवाल शिकणाऱ्यांचे आहेत, निम्मे घरच्यांचे, दोन्ही एकत्रच घेतो. नावं छापत नाही, कारण आपल्याकडे नाव छापलं की दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर चर्चा, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

सवाल: मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांची ७ एकर कोरडवाहू आहे, कपाशी आणि सोयाबीन. मला सायकियाट्री घ्यायची आहे. आजी म्हणते 'येड्याचा डॉक्टर कोण होते बाप्पा', मामा म्हणतात मार्क चांगले पडले तर रेडिओलॉजी घे, आई म्हणते तुझं लग्न जमायचं नाही. मी खरंच चूक करून राहिली का? (एक विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा)

आजीपासून सुरू करू. माझी आजीही हेच म्हणाली होती, फक्त तिचा शब्द 'बयाड' होता. मी एमडी झाल्यावर तीच गावभर सांगायची की माझा नातू डोक्याचा डॉक्टर हाये, त्यामुळे कितीतरी वर्षं लोक बैलगाडीवरून पडलेली, डोकं फुटलेली माणसं घेऊन माझ्या दारात यायचे आणि मी त्यांना सीटी स्कॅनला पाठवायचो. आजीला मी कधी दुरुस्त केलं नाही.

मी ही शाखा का घेतली ते सांगतो म्हणजे तुला तुझं ठरवता येईल. इंटर्न होतो, मेडिसिन वॉर्डात १९-२० वर्षांची एक मुलगी आणली होती. ८ दिवस पोटात घास नाही, बोलणं नाही, डोळे उघडे पण पाहते कुठंच नाही, आणि तिचा हात उचलून सोडला की हात तसाच हवेत राहायचा, मेणाच्या बाहुलीसारखा. भगताकडे नेऊन झालं होतं, कपाळावर अंगाऱ्याचा थर आणि पोटऱ्यांवर चटक्यांचे डाग. आमच्या एका सिनियरनं 'नाटक करून राहिली' म्हणत तिच्या छातीच्या हाडावर मूठ घासली, ती हलली नाही. मग सायकियाट्रीच्या रेसिडेंट मॅडम आल्या, आईशी १० मिनिटं बोलल्या, लोराझेपामचं इंजेक्शन शिरेतून सावकाश दिलं आणि खुर्ची ओढून बसून राहिल्या. मी मागे उभा. वीसेक मिनिटांनी त्या मुलीनं मान आईकडे वळवली आणि म्हणाली, 'माय, पानी दे.' वॉर्डातल्या मावशी झाडू टाकून पाहायला आल्या होत्या. याला कॅटॅटोनिया म्हणतात. पुढं तिला बरेच महिने उपचार लागले, एका इंजेक्शनात कोणी बरं होत नाही, पण माझं ऑर्थो करायचं ठरलं होतं ते त्या २० मिनिटांत बारगळलं.

आता हिशोब. देशभरातलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झालं, त्यात मोठ्या माणसांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार निघाला, आणि त्यातले ७० ते ९२ टक्के, आजार कोणता त्यानुसार, उपचाराशिवाय होते. सायकियाट्रिस्ट किती, तर लाख लोकांमागे ०.७५, म्हणजे अख्खा एक माणूसही नाही, पाऊणच. निदान ३ तरी हवेत असं धरतात. आणि तो पाऊण माणूसही नागपूर-पुणे-मुंबईत बसलेला असतो, आपल्या वाट्याला त्याचा जोडाही येत नाही.

रस्ता असा आहे: एमबीबीएसची साडेचार वर्षं, १ वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजीची प्रवेश परीक्षा आणि एमडी सायकियाट्री ३ वर्षं, नाहीतर एखाद्या मान्यताप्राप्त हॉस्पिटलात डीएनबी, तेही ३ वर्षं. पूर्वी डीपीएम नावाचा २ वर्षांचा डिप्लोमा होता, माझ्या वयाचे बरेच जण त्यातूनच आले, आता त्या जागा बहुतेक एमडीत गेल्या. आपल्या भागात नागपूरचं मेडिकल, सेवाग्राम, सावंगी इथं एमडी करता येतं. एमडीच्या मधले ३ महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, तो काळ फुकट घालवू नको, मोठ्या कॉलेजात न दिसणारी माणसं तिथं दिसतात. पुढं अजून शिकायचं तर लहान मुलांची सायकियाट्री, म्हाताऱ्या माणसांची, व्यसनांची असे डीएम कोर्सही आहेत, बंगळुरूच्या निमहान्सला वगैरे, पण तो पुढचा विचार झाला.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. एमबीबीएसला सायकियाट्रीचा वेगळा पेपर नसतो, मेडिसिनच्या पेपरात चार प्रश्न येतात, त्यामुळे पोरं पोस्टिंगला सही करून निघून जातात आणि मग शाखा निवडताना त्यांना ती माहीतच नसते. तू २ आठवडे नीट बस. पेशंट बोलायचा थांबला आणि तुला ती शांतता खायला उठली तर ही शाखा तुझी नाही. ऑपरेशन केलं, टाके काढले, पेशंट चालत गेला असा लगेचचा आनंद लागत असेल तरी नाही. आणि कौतुकाची भूक असेल तर अजिबात नाही, कारण मोतीबिंदूवाल्या डॉक्टरला पेशंट भर बाजारात वाकून नमस्कार करतो आणि माझा ठणठणीत बरा झालेला पेशंट एसटी स्टँडवर मला पाहून दुसरीकडे तोंड करतो, का तर शेजारी सोयरे उभे असतात. सुरुवातीला लागायचं. आता मीच आधी तोंड फिरवतो, त्याची अडचण नको.

लग्नाचं काय सांगू, माझं झालं. मामांना सांग रेडिओलॉजी चांगलीच शाखा आहे, त्यांना दुखवू नको, फॉर्मची फी तेच भरणार असतील.

सवाल: माझा मुलगा बीए सायकॉलॉजी करून राहिला. तो पुढं गोळ्या लिहून देऊ शकेल का? (वाशीम)

नाही. गोळ्या लिहायला एमबीबीएस लागतंच, सायकियाट्रिस्ट हा आधी डॉक्टर असतो. तुमच्या मुलानं एमए करून पुढं आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा कोर्स केला आणि तिथं नोंदणी केली तर तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होईल, म्हणजे बुद्ध्यांकाच्या टेस्ट, समुपदेशन, सीबीटीसारख्या विचार-वागणूक बदलणाऱ्या थेरपी हे त्याचं काम. ते काम कमी दर्जाचं समजू नका. मला आज तालुक्यात असा एक माणूस मिळाला तर मी त्याला माझी बरी खुर्ची देऊन स्वतः स्टुलावर बसेन. फक्त नुसत्या बीएवर 'माइंड स्पेशालिस्ट' अशी पाटी लावू देऊ नका, अशा पाट्या सध्या फार झाल्यात.

सवाल: मी बाँडवर पीएचसीत मेडिकल ऑफिसर आहे. मला सायकियाट्री आवडते पण मित्र म्हणतात तिथं खरं मेडिसिन उरत नाही, स्टेथोस्कोप गंजून जातो, दिवसभर गप्पा मारायच्या. खरं काय? (अकोला जिल्हा)

तुमच्या मित्रांना मे महिन्यात माझ्याकडे पाठवा.

एक शेतकरी, पन्नाशीचा, बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी अति उदासी असा आजार. त्या आजाराच्या लिथियम या गोळीवर ४ वर्षं एकदम नीट, ट्रॅक्टरचे हप्ते भरलेले, मुलीचं लग्न ठरलेलं. लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा ४६ वर, हा माणूस ३ दिवस मांडव, आचारी, पाहुणे करत उन्हात धावतोय, घाम नुसता वाहतोय, पाणी प्यायची शुद्ध नाही आणि गुडघे दुखतात म्हणून गावातल्या एकाकडून दुखण्याची गोळी रोज दोनदा. लग्न लागलं आणि संध्याकाळी तो झोकांड्या खायला लागला, हात थरथर, बोलणं जड, दोनदा जुलाब. व्याही म्हणाले दारू प्यायले. बायको रडत म्हणत होती की माळकरी माणूस हाये हो, हातही लावत नाही. धाकटा भाऊ शहाणा निघाला, त्यानं गोळ्यांची चिठ्ठी खिशात टाकून त्याला माझ्याकडे आणलं. लिथियम हे मिठासारखंच एक क्षार आहे, घामातून पाणी आणि मीठ गेलं की किडनी लिथियम धरून ठेवते, वरून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी घेतली की अजून धरते. रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १ च्या आसपास लागतं, दीडच्या वर विषबाधा. सलाईन लावून त्याला रात्रीच पुढं पाठवलं, सँपलचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, २.१. वाचला. आता माझ्या लिथियमच्या प्रत्येक पेशंटला मी एप्रिलच्या चिठ्ठीवर पेनानं मोठ्या अक्षरात लिहून देतो: मठ्ठा, लिंबूपाणी, मीठ बंद करू नका, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही, जुलाब-उलट्या लागल्या तर लिथियम थांबवा आणि या.

जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरनं १९४९ साली लिथियमचा हा उपयोग पहिल्यांदा मांडला तेव्हा त्याच्यापुढं विदर्भातला मांडव थोडाच होता. पुस्तकात 'डिहायड्रेशन टाळा' एवढी एकच ओळ असते, बाकीचं आपण भरायचं.

हे झालं एक. फवारणीच्या दिवसांत ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची विषबाधा झालेले पेशंट येतात, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना किती शेतकरी-मजूर दगावले ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यांना अॅट्रोपिन हा उतारा भरपूर द्यावा लागतो, आणि तो जास्त झाला की पेशंट हवेतून काहीतरी वेचायला लागतो, चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकतो, मेलेल्या बापाशी बोलतो. नातेवाईक म्हणतात बाहेरची हवा लागली. तुम्ही पाहायचं असतं बुब्बुळं, तोंड कोरडं आहे का, ताप, नाडी. किंवा पाय मोडून अॅडमिट झालेला माणूस, दोन दिवस शहाण्यासारखा, तिसऱ्या रात्री अचानक सलाईन उपटून पळतो, सगळे म्हणतात येडा झाला, आणि कोणीच विचारलेलं नसतं की रोज किती प्यायचा. दारू अचानक तुटल्यावरचा डिलिरियम, म्हणजे भ्रम, आहे तो, जीव घेतो, आणि त्यात थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायचं विसरून नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूचं कायमचं नुकसान होऊ शकतं. (वर्धा, गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे आहेत म्हणून विचारायचं राहू देऊ नका, मोहाची कुठंही मिळते.) थायरॉइड कमी झालेली बाई 'डिप्रेशन' म्हणून येते, बी-१२ कमी असलेला म्हातारा 'विसरभोळा झाला' म्हणून येतो. स्टेथोस्कोप गंजायला वेळ कुठं आहे.

आणि गप्पांचं म्हणाल तर, हो, गप्पाच. पण त्या मारता यायला लागतात. आपल्याकडे कोणी येऊन 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाही. म्हणतात 'गमत नाही'. नुसतं 'गमत नाही' म्हणजे पोरगी सासरी गेली म्हणून घर खायला उठतं, एवढंच असू शकतं. पण 'वावरात गेलो तरी गमत नाही, घरी आलो तरी गमत नाही, नातू मांडीवर बसला तरी गमत नाही', असं तिसऱ्यांदा आलं की मी पेन खाली ठेवतो. 'जीव घाबरते', 'डोकं भणभण करते', 'आंगात आगआग होते', 'छातीवर कोणी बसल्यासारखं', ही सगळी लक्षणं आहेत. बाहेरून आलेला हुशार रेसिडेंट 'आंगात आगआग'ला तापाची गोळी देतो, मी पाहिलंय. वऱ्हाडी कळणं हा या शाखेतला निम्मा स्टेथोस्कोप आहे आणि तो तुमच्याकडे जन्मापासून आहे.

सवाल: डॉक्टर साहेब, माझे मालक ३ महिन्यांपासून झोपत नाहीत, वावरात जात नाहीत, बोलत नाहीत. रात्री उठून गोठ्यात बसून राहतात. एकदा म्हणाले मी नसलो तर तुमचं बरं होईन. सासूबाई म्हणतात सैलानीच्या दर्ग्यावर नेऊ. दीर म्हणतो सायकियाट्रिस्टकडे गेलं की जन्मभर गोळ्या आणि शॉक. काय करू? (एक भगिनी)

ताई, तुमचा सवाल करिअरचा नाही पण तो आधी वाचला असता तर पहिलाच घेतला असता. संपादकांना सांगून तुम्हाला पत्रानं वेगळं कळवलं आहे, इथं बाकीच्यांसाठीही लिहितो.

'मी नसलो तर बरं होईन' हे वाक्य ऐकलं की वाट पाहायची नाही. सरळ विचारा, 'मरायचे विचार येतात का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, ही भीती काढून टाका, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं आजच घरातून आणि गोठ्यातून हलवा, दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. हे लहान वाटतं पण श्रीलंकेनं जास्त विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या पुढच्या वीसेक वर्षांत निम्म्याहून कमी झाल्या. तो वाईट क्षण टळला की पुष्कळ माणसं परत येतात. एकटं सोडू नका आणि त्यांना जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सायकियाट्रिस्टकडे उद्याच न्या. रात्री-अपरात्री १४४१६ लावा, टेलिमानस, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. आणि पोलीस केसची भीती कोणी घातली तर सांगा की २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही.

गोळ्यांचं. डिप्रेशनच्या गोळ्यांची, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, यांची दारूसारखी सवय लागत नाही. त्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात आणि लोक १० दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडतात, मग दोष गोळीला. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटल्यावर साधारण ६ ते ९ महिने चालू ठेवून डॉक्टर हळूहळू बंद करतात. ज्यांची खरी सवय लागते त्या अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, आणि त्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणून वर्षानुवर्षं खाणारी माणसं प्रत्येक गावात आहेत, त्यांना मात्र कोणी 'जन्मभर' म्हणून भीती घालत नाही, गंमतच आहे.

शॉक आजही देतात, ईसीटी म्हणतात, १९३८ साली रोममध्ये सुरू झाला, पण सिनेमात दाखवतात तसा तडफडणारा माणूस आता कुठंच दिसायला नको, कारण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देणं कायद्यानंच बंद आहे. आणि तो सगळ्यांना लागत नाही. जेवण-पाणी सोडलेला, जीव द्यायला निघालेला पेशंट, तिथं तो गोळीपेक्षा लवकर काम करतो.

सैलानीचं म्हणाल तर सासूबाईंशी भांडू नका. देवाला, दर्ग्याला जा, मी कोणाला अडवत नाही, माझ्या कितीतरी पेशंटच्या मनगटात धागा असतो आणि खिशात माझी चिठ्ठी. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर तर 'दवा-दुआ' म्हणून कामच चालतं, मुजावर स्वतः पेशंटला शेजारच्या डॉक्टरकडे पाठवतात. फक्त बांधून ठेवू देऊ नका, मारू देऊ नका, चटके नाहीत. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळदंडात असलेली २८ माणसं पळता न आल्यानं जळून गेली. आज साखळीनं बांधणं गुन्हा आहे.

सवाल: तालुक्याच्या ठिकाणी या प्रॅक्टिसमध्ये पैसा आहे का? स्पष्ट सांगा. (एक पीजी रेसिडेंट)

पोट चालतं, घर होतं, पोरं शिकतात. नागपूरच्या सर्जनसारखा बंगला होत नाही. खर्चच किती आहे पण? मला मशीन काही घ्यावं लागलं नाही, एक टेबल, तीन खुर्च्या, बीपीचं यंत्र, वजनकाटा आणि दरवाजा नीट बंद होणारी खोली. ती खोली महत्त्वाची, बाहेर आवाज गेला की पेशंट दुसऱ्यांदा येत नाही, मी पहिल्या वर्षी प्लायवूडच्या पार्टिशनवर ४ महिने वाया घालवले. पेशंट अॅडमिट करायचे असतील तर मात्र मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, नुसत्या ओपीडीला नाही.

तोटा एकच सांगतो. इथं एका पेशंटला पहिल्या भेटीत ४० मिनिटं लागतात आणि लोक पैसे देतात ते इंजेक्शनचे, बोलण्याचे नाही. 'सुई नाही लावली, नुसतं इचारपूस केली न् २०० घेतले,' असं माझ्याबद्दल बोललेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, बस स्टँडच्या रसवंतीवर. सरकारी नोकरीतही जागा असतात, १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालू आहे, त्याची टीम ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात जाते. नोकरी करून पाहा आधी, मग ठरवा. आणि हो, दिव्यांग प्रमाणपत्रं, कोर्टाचे रिपोर्ट हे कागदाचं काम एवढं असतं की अक्षर चांगलं नसेल तर आत्ताच सुधारा.

सवाल: मी आशा वर्कर आहे, दहावी झालेली. मी यात काही करू शकते का? की हे फक्त मोठ्या डॉक्टरांचं काम? (अमरावती जिल्हा)

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. 'विश्राम' नावाचा प्रकल्प अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झाला होता, गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना तयार करून, डिप्रेशन कसं ओळखायचं, कोणाशी कसं बोलायचं, कोणाला पुढं पाठवायचं. आधी डिप्रेशन असलेल्या १०० पैकी ४ जणच कुठं दाखवायला जायचे, नंतर २७ जायला लागले. हा अभ्यास २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आला. डॉक्टर त्या गावांत राहायला गेले नव्हते. तुम्ही बाळंतिणीला भेटायला जाता तेव्हा वजन-लसीसोबत एवढं विचारा की झोप लागते का, बाळाकडे पाहून बरं वाटते का, रडू येते का. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आणि सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार) मला सगळ्यात उशिरा कळतं, आणि त्या घरात तुमच्याआधी कोणी गेलेलं नसतं.

सवाल: सर, मी आठवीत आहे. मला मोठी होऊन डॉक्टर व्हायचं आहे. रोज रोज लोकांचं दुःख ऐकून तुमचं डोकं खराब होत नाही का? (बुलडाणा)

होतं, बेटा.

लोक मला असा सवाल विचारतात आणि मी हसून काहीतरी बोलून टाळतो, पण तू सरळ विचारलंस म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझा एक पेशंट होता, तरुण होता, पोळ्याच्या सुमारास यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा मान खाली, दिवाळीपर्यंत मला हरभरा कधी पेरायचा ते शिकवायला लागला इतका सुधारला होता. मग एक मंगळवार आला नाही. मला वाटलं कापूस वेचणी असेल. दुसरा मंगळवारही आला नाही. ओपीडीत गर्दी होती, मी विसरलो. तिसऱ्या आठवड्यात त्याचं नाव पेपरात वाचलं. सुधारायला लागलेला माणूसही धोक्यात असतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं.

त्यानंतर काही महिने मला काम होईना. मी माझ्याच एका सिनियरकडे जाऊन बसायचो, ते माझं ऐकायचे, मी पेशंटच्या खुर्चीवर. डॉक्टरनंही असं जायचं असतं, त्यात काही लाज नाही. मग परत आलो आणि एक वही केली. साधी, २०० पानी, किराणा दुकानातली. मंगळवारी ज्यांची तारीख होती आणि जे आले नाहीत त्यांची नावं संध्याकाळी आमची सिस्टर त्या वहीत लिहिते आणि बुधवारी सकाळी चहा व्हायच्या आधी मी एकेकाला फोन लावतो. आता तिसावी वही चालू आहे.

आज बुधवार आहे. वहीत ११ नावं होती. चौघांचे फोन बंद, त्यांच्या गावच्या आशाताईंना सांगितलं. एकानं उचलला, मागे मोटारपंपाचा आवाज. म्हटलं, काऊन नाही आले काल?

'वलित सुरू हाये डॉक्टर, लाइन रातच्याच पाळीत येते.'

'गोळ्या आहेत का?'

'हायेत ५ दिवसाच्या. बायको देते.'

'झोप?'

'झोपूनच रायलो होतो ना, तुम्हीच उठोलं.'

त्याच्या नावापुढं बरोबरची खूण केली आणि खालचा नंबर लावला.